तीन सेकंदांचा नमुना

काकांच्या घरात दोन कायदे होते. पहिला, ताटांच्या स्टँडमध्ये ताटं ठेवायची नाहीत, कारण तिथं ग्रामोफोनच्या धुतलेल्या तबकड्या निथळत असायच्या. दुसरा, आतल्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला की घरात कुणी बोलायचं नाही, चालायचं तर पाय उचलून चालायचं आणि खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसून खोकायचं. अशा वेळी फोन वाजत राहिला की काकांचं डोकं फिरायचं, म्हणून ते तो उचलायचे खरे, पण तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. पलीकडचा माणूस घरोब्यातला असेल तर समजून जायचा आणि ठेवून द्यायचा. लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीला तर या मौनाची इतकी सवय झाली होती की दोनदा "हॅलो" म्हणून झालं की ती स्वतःच "बरं, चालू द्या" म्हणायची.

काकूंचं यावर ठरलेलं वाक्य होतं. "घरात सासू नाही म्हणून सुटले म्हटलं, तर ही दिव्याची सासू आली!"

काका हसायचे, पण दिवा काही काढायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं की तबकडीवरची सुई फार हळवी असते. बाहेर कुणी पाय आपटला तरी तो धक्का सुईला कळतो आणि गाण्याच्या मध्ये जाऊन बसतो. आता चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं कसंबसं टिकून आपल्यापर्यंत पोचलं, त्यात आपल्या चपलेचा आवाज कशाला?

नोकरीची एकतीस वर्षं काकांनी एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. छाती टेकवा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसाकाठी शंभर वेळा तरी हे म्हणायचं. बरोबरची मंडळी त्यांना 'रोखासोडा' म्हणत. या नावामागे एक किस्साही होता आणि काकू तो आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायच्या. एकदा काकांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना "रोखा" म्हटलं आणि तेवढ्यात फोन आला. बोलून परत येऊन बघतात तर आजोबा अजून छाती टेकवून उभे, गाल फुगलेले, चेहरा तांबडालाल. "अहो आजोबा, सोडायचा ना!" काका ओरडले. आजोबांनी भस्सकन श्वास सोडला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाला नाहीत."

एकतीस वर्षांतली तेवढीच चूक. बाकी माणूस शिस्तीचा. निवृत्त झाल्यावर तबकड्यांचा नाद लागला तोही शिस्तीतच. जुन्या सामानाच्या दुकानांतून तबकड्या आणायच्या. साबणाच्या कोमट पाण्यात चार थेंब स्पिरिट टाकून मऊ ब्रशनं धुवायच्या, ताटांच्या स्टँडमध्ये वाळवायच्या, मग लाल दिवा लावून वाजवायच्या आणि वाजता वाजता कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या. त्यानंतर खरं काम सुरू व्हायचं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. जिथं ओरखडा असेल तिथं त्या रेघेला काटा फुटलेला असतो. काका एकेक काटा वेचून काढायचे. एका गाण्याला दोन दिवस लागले तरी बेहत्तर.

त्यांची एक खास सवय होती. काढून टाकलेला आवाज त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा ऐकता येतो. काका त्याला कचरा म्हणायचे आणि प्रत्येक वेळी तो कचरा आधी कान देऊन ऐकायचे, न जाणो, खरखरीबरोबर एखादा सूर गेला असेल तर. कचऱ्याचं वेगळं फोल्डरसुद्धा होतं. कचरा ऐकून झाला, त्या फोल्डरात ठेवून झाला, की मगच मूळ रेकॉर्डिंगवर स्वच्छ रेकॉर्डिंग चढवायचं. मळकी प्रत ते कधी ठेवत नसत. एका तबकडीची एकच फाइल, आणि तीही लख्ख.

काकूंना दोन वर्षांपासून खोकला होता. दोन छोटे ठसके आणि एक लांब, असा. थंडी पडली की छातीत घरघर सुरू व्हायची. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी नवीन एक्स-रे काढायला लावला. काका पाकीट घेऊन घरी आले आणि खिडकीशी जाऊन त्यांनी फिल्म उजेडात धरली. असल्या हजारो फिल्म त्यांनी पाहिल्या होत्या. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायची त्यांना गरज नव्हती.

"काय दिसतंय हो?" काकूंनी विचारलं.

"मागच्यापेक्षा बरं आहे," काका म्हणाले आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

ती तबकडी त्यानंतर आठवड्याभरानं आली. नेहमीच्या दुकानदाराकडे अकरा तबकड्यांचं खोकं होतं. दहा वाद्यवृंदाच्या, आणि अकरावी वेगळी. धातूच्या पत्र्यावर काळा थर, मध्ये कागद नाही, नाव नाही. पूर्वी अशी एखादीच तबकडी जागच्या जागी कोरून देत. तिची दुसरी प्रत नसते आणि थर इतका मऊ असतो की दर वेळी वाजवताना सुई त्यातला थोडा खरवडून नेते.

"हिचे काही नकोत, काका," दुकानदार म्हणाला. "हिच्यावर गाणं नाही. नुसती खोली आहे."

"खोली म्हणजे?"

"खोली म्हणजे खोली. ऐका ना घरी जाऊन." तो बाकीच्या दहा तबकड्या कागदात बांधायला लागला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास काकांनी ती लावली. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. दिवा लावला, दार लोटलं, सुई टेकवली. सुरुवातीला नुसती खरखर आली, आणि तिच्यात मिसळलेली कुणाच्या तरी छातीतली घरघर. मग खुर्ची करकरली. घड्याळाची टिकटिक होती. पट्टा सैल झालेली चप्पल घासत कुणीतरी लांबून जवळ आलं आणि परत गेलं. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग दोन छोटे ठसके आणि एक लांब.

"अगं, दिवा दिसत नाही का?" काका चिडून ओरडले.

उत्तर आलं नाही. मग त्यांना आठवलं की घरात कुणी नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथं रेघेवर दोन आखूड काटे होते आणि एक रुंद.

तबकडी चार मिनिटं चाळीस सेकंदांची निघाली. अगदी शेवटी, खरखरीच्या आडून, एक पुरुष काहीतरी बोलत होता. दोन-तीन शब्द असतील. कळत नव्हते.

काकू आल्यावर काकांनी त्यांना ते ऐकवलं. काकू पिशवी हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"कोण हो ही बाई? हिला तर माझ्यासारखाच खोकला आहे."

"असेल कुणी. तुझ्या जन्माच्या आधीची तबकडी आहे."

"हिला कुणी डॉक्टरकडे नेलं की नाही?" काकूंनी विचारलं. मग म्हणाल्या, "आणि तो माणूस काय म्हणतो शेवटी?"

"सगळं स्वच्छ केलं की कळेल."

काकांनी दुसऱ्या दिवशी कामाला हात घातला. खोकला सगळ्यात आधी काढला, कारण तो काढायला सोपा. चौदा वेळा होता. कचरा ऐकला. एका ओळीत चौदा वेळा खोकणारी बाई, बाकी काही नाही. फोल्डरात ठेवला आणि मूळ फाइलवर स्वच्छ फाइल चढवली.

त्या दिवशी काकू खोकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच लक्षात आलं. "अहो, तुमच्या डॉक्टरांचं नवं औषध लागू पडलं हो! काल सबंध रात्र झोपले मी." त्यांचा चेहरा खुलला होता. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी खाली जाऊन पाव किलो काजू आणले. महागाई-बिगाई काही आठवली नाही.

मग त्यांनी चपलेचा आवाज काढला. त्याच दुपारी ते पडद्यात डोकं घालून बसले असताना कानाशी आवाज आला, "चहा." काका खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले.

"अगं, कधी आलीस?"

"ही काय, आत्ता. चपला हातात धरून आले का मी?"

काकांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं. उजव्या चपलेचा पट्टा सैल होता, नेहमीसारखा. काकू वळून स्वयंपाकघरात गेल्या. पट्टा फरशीवर घासत गेला. आवाज झाला नाही.

"जरा परत ये बघू."

"मी काय मॉडेल आहे?" काकू म्हणाल्या, पण आल्या. काकांनी त्यांना तीनदा चालायला लावलं. शेवटी त्या वैतागून निघून गेल्या आणि काका चहा निवेपर्यंत नुसते बसून राहिले.

काका देवाधर्माचे नव्हते, भुताखेतांचे तर नव्हतेच. शंका आली की तपासायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कचऱ्याचं फोल्डर उघडलं आणि खोकल्याची फाइल लावली. हेडफोनमध्ये पहिला ठसका आला, आणि तसाच स्वयंपाकघरातून आला. दुसरा आला, तसाच दुसरा. मग लांब. काकांनी फाइल थांबवली. स्वयंपाकघरातला खोकलाही थांबला.

काकू डोळे पुसत दारात आल्या. "बघा, बरी झाले म्हणायचा अवकाश! माझीच दृष्ट लागली मला."

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. दुसऱ्यांदा करून बघायची काकांची छाती झाली नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, तबकडी पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून दिली. कानाला खडा. पुन्हा त्या फाइलला हात लावायचा नाही.

पण कपाटात तबकडी ठेवली ती नेमकी त्या दुसऱ्या पाकिटावर. दार उघडलं की दोन्ही दिसायची. काका टॉवेल काढायला जायचे आणि तिथंच उभे राहायचे. खोकला गेला तो खरंच गेला होता ना? मग घरघर का जाणार नाही? फिल्मवर जे पांढरं दिसत होतं त्याला औषध नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बायकोला वाचवायचा एक मार्ग आपल्या कपाटात आहे आणि आपण भितोय. असं त्यांनी अकरा दिवस काढले.

बाराव्या दिवशी दुपारी काकूंना दम लागला. गार वारं सुटलं होतं, खिडक्या बंद करेपर्यंत छाती वाजायला लागली. पंप दोनदा मारला, वाफ दिली, काही उपयोग नाही. त्या हॉलमधल्या खुर्चीत गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसल्या होत्या आणि घरघर आतल्या खोलीपर्यंत ऐकू येत होती. काकांनी डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना चारला उघडणार होता. घड्याळात तीनला दहा कमी होते.

"जाऊ नका ना," काकू कशाबशा म्हणाल्या.

"आलोच. एक मिनिट."

सवयीनं लाल दिवा लागला.

घरघर काही खोकल्यासारखी सुटी नव्हती. सगळ्या तबकडीभर ती भिंतीतल्या ओलीसारखी पसरलेली होती, काटे वेचून निघणारी नव्हती. त्याला वेगळी युक्ती असते. जो आवाज नको त्याचा एक छोटा नमुना सॉफ्टवेअरला दाखवायचा, की बाबा, हे असलं जिथं सापडेल तिथून काढ. नमुन्यात मात्र नको तेवढंच हवं, दुसरं काही चालत नाही. काकांनी अगदी सुरुवातीची तीन सेकंदं निवडली. खुर्ची करकरायच्या आधीची. तिथं नुसती घरघर होती.

हॉलमधून काकूंचा एक लांब, फाटका श्वास आला.

काकांनी बटण दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा कचरा न ऐकताच मूळ फाइलवर नवी फाइल चढवली.

नळ बंद करावा तशी हॉलमधली घरघर थांबली.

काकांच्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणी आलं. "जमलं गं!" ते मनाशीच म्हणाले, आणि उठणार तेवढ्यात त्यांना दिसलं की फाइल आपली आपण वाजते आहे. कानात हेडफोन होते. इतकी शांतता त्यांनी कुठल्याच तबकडीत ऐकली नव्हती. खोली होती आणि खोलीत काही नव्हतं. रेघ सरळ चालली होती. चार मिनिटं चौतीस सेकंदांवर तो माणूस बोलला. आता एकेक शब्द लख्ख होता.

"श्वास घ्या. रोखा."

फाइल संपली.

तो आवाज काकांचा होता. आजचा नव्हे, नोकरीतला, ठणठणीत.

ते हॉलमध्ये आले. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खांदे थोडे वर, हनुवटी वर. चेहऱ्यावर त्रास म्हणून नव्हता. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं, आता?

त्यांची छाती हलत नव्हती.

काकांनी मनगट धरलं. नाडी नीट चालत होती. हात गरम होता. त्यांनी छातीला कान लावला. आत ठोके होते, बाकी काही नाही. छाती भरलेली होती आणि भरलेलीच राहिली होती.

मग त्यांना ती तीन सेकंदं आठवली. घरघर होती. पण तिच्याखाली आणखी एक श्वास होता, संथ, नाकातून येणारा. त्या बाईच्या शेजारी बसलेल्या कुणाचा तरी. कचरा ऐकला असता तर कळलं असतं.

ते आत धावले. फाइल चढलेली होती, मागे जाता येत नव्हतं. कचऱ्याच्या फोल्डरात खोकला होता, चपला होत्या. आजचं काही नव्हतं.

कपाट. तबकडी. मूळ तबकडी तर आहे!

त्यांनी पाकीट उघडलं आणि हातात काळी सालपटं आली. पत्रा उघडा पडला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी ती धुतली होती, सगळ्या धुतात तशी, चार थेंब टाकून. असल्या तबकडीला स्पिरिट लावू नये, हे त्यांनी स्वतः दहाजणांना सांगितलं होतं.

ते परत काकूंच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

एकच शब्द बाकी होता. एकतीस वर्षं, दिवसाला शंभर वेळा म्हटलेला. तो म्हटला की झालं.

काकांनी तोंड उघडलं. जीभ हलली, ओठ हलले. आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा म्हटलं.

पुन्हा.

तेव्हा त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. गुदमरत नव्हतं. दुखत नव्हतं. नुसतं थांबलं होतं.

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. प्लेटला छाती टेकवून माणसं बघतात तशा, भरवशानं. सांगतील तेव्हा सोडायचा.

फोन वाजला.

काकांनी झडप घालून उचलला.

"हॅलो, बाबा?" मुलगी होती. "आईचा खोकला थांबला म्हणे! काल बोलली मला. किती बरं वाटलं."

काकांनी नखांनी फोनवर टकटक केलं. मग बोटाच्या पेरांनी, जोरात. टक, टक, टकटक.

"हॅलो? बाबा?"

टक, टक, टक.

मुलगी हसली.

"आज तबकडी फारच खराब मिळालेली दिसतेय. इथपर्यंत टकटक ऐकू येतेय," ती म्हणाली. "बरं, चालू द्या. संध्याकाळी करते."

आणि तिनं फोन ठेवला.